पालेभाजीवरचे जंत आणि नाल्याचं पाणी

बाजारातल्या पालेभाजीवर जंतांची अंडी सापडली म्हटलं की बोट आधी भाजीवाल्या मावशींकडे वळतं. ओलं गोणपाट, तांब्यानं जुड्यांवर मारलेलं पाणी, शेजारची गटार, घोंघावणाऱ्या माश्या. हे सगळं खरंच आहे. पण मराठवाड्यापुरतं बोलायचं तर ही गोष्ट मंडईत सुरू होत नाही. ती सुरू होते पाण्यापाशी, आणि बरीच मागे.

औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीखालून नहर काढून पाणी आणलं. पाणी आणायची विद्या या मुलखात होती. वापरलेलं पाणी वाहून न्यायची व्यवस्था मात्र मागेच राहिली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. त्याच्या राजधानीला, हैदराबादला, १९०८च्या मुसी नदीच्या महापुरानंतर अभियंते विश्वेश्वरय्यांनी गटारांची योजना आखून दिली. मराठवाड्यातल्या गावांच्या वाट्याला उघडी नाली आणि नदी एवढंच आलं. पुढे १९७०च्या दशकात जायकवाडी धरण झालं, नळ वाढले, आणि नळ वाढले की सांडपाणीही वाढतं. ते गेलं संभाजीनगरच्या खाममध्ये, जालन्याच्या कुंडलिकेत, बीडच्या बिंदुसरेत.

त्यात हा दुष्काळी भाग. उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, नदी आटते, पण शहराचा नाला बारमाही. शिवाय त्यात नत्र आणि स्फुरद फुकटात. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर ही महिना-दीड महिन्यात पैसा हातात देणारी पिकं, आणि ताजी पोचवायची तर शहराच्या कडेलाच लावावी लागतात. शेतकऱ्यानं नाल्यावर मोटर टाकली तर त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. काढणीनंतर जुड्यांची माती धुवायची, तीही जवळ असेल त्या पाण्यात.

त्या पाण्यात काय असतं? आतड्याचे आजार करणारे जिवाणू, अमिबा आणि जिआर्डिया या एकपेशीय जिवांच्या पुटी, म्हणजे त्यांची कवचबंद रूपं, आणि सगळ्यांत चिवट म्हणजे जंताचं अंडं. जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. अंड्याचं कवच जाड आणि चिकट, त्यामुळे ते पानाच्या सुरकुतीत धरून बसतं आणि ओलसर, सावलीच्या मातीत वर्षानुवर्षं टिकतं. पिण्याच्या पाण्यात टाकतो तेवढ्या क्लोरीननं ते मरत नाही. ते पोटात गेल्यावर काय होतं हे पाहायला १९२२मध्ये जपानच्या शिमेसु कोइनो यांनी स्वतःच दोन हजार अंडी गिळली. त्यांना न्यूमोनिया झाला आणि थुंकीत अळ्या निघाल्या. आतड्यात बसण्याआधी जंत फुप्फुसातून फिरून येतो, हे माणसात असं दिसलं.

फीतकृमीचं प्रकरण आणखी वाकडं. डुकराच्या मांसातला हा कृमी, म्हणून माळकरी माणूस निर्धास्त असतो. पण कृमी पोटात असलेल्या माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी शेतात आणि तिथून कच्च्या भाजीवर येतात. त्यांच्या अळ्या मेंदूत गाठी करून बसल्या की फिट येऊ लागतात, मग त्या माणसानं जन्मात मांस खाल्लेलं नसलं तरी.

जगानं याचा धडा घेतला नाही असं नाही. चिलीच्या सांतियागो शहराभोवती सांडपाण्यावर भाजी पिकायची आणि टायफॉइड हटत नव्हता. १९९१मध्ये कॉलऱ्याच्या धास्तीनं सरकारनं ते पाणी बंद केलं, तसा टायफॉइडही झपाट्यानं उतरला. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याआधीच, १९८९मध्ये, कच्च्या खायच्या पिकांना द्यायच्या पाण्यासाठी मर्यादा घालून दिली होती: लिटरमागे जास्तीत जास्त एक अंडं. सांडपाणी तळ्यात आठ-दहा दिवस साठवलं तर अंडी तळाशी बसतात, म्हणजे उपाय काही फार महागडा नव्हे. जागा आणि इच्छा मात्र लागते.

आपल्याकडे जोर राहिला तो गोळीवर. २०१५पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोल देतात. गोळी पोटातला जंत काढते. वाफ्यातलं अंडं तिथेच राहतं, आणि मूल पुन्हा जंतवाळं होतं. नारूचं, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरणाऱ्या लांब कृमीचं, उलट झालं. त्याची वाट एकच, पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी. बारवांत उतरणं थांबलं, हातपंप आले, आणि २०००मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. नारूवर औषध नव्हतंच, म्हणून पाण्याकडे बघावं लागलं, असं मला वाटतं.

राहता राहिलं स्वयंपाकघर. पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, हा सल्ला बरोबरच आहे. पण एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि मराठवाड्यातल्या कितीतरी वस्त्यांत आजही नळ आठवड्यातून एखाद्या वेळी येतो. तिथे वाहतं पाणी आणायचं कुठून? मिठाच्या पाण्यात बुडवून अंडं मरत नाही. पाणी तोकडं असेल तर भाजी नीट शिजवून खाणं हाच खात्रीचा मार्ग, कारण उकळीपुढे अंड्याचं काही चालत नाही. भाकरीबरोबरचा कच्च्या मेथीचा घोळाणा मात्र त्यात जातो, आणि तो सोडायला आमच्याकडे कुणी सहजी तयार होणार नाही.