तंत्रवार्तांचा साप्ताहिक आढावा (कोकण किनारपट्टी)

संस्थेतील संगणक, सर्व्हर, नेटवर्क आणि सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या व्यक्तीने आठवड्यातून ठरावीक वेळी तंत्रज्ञानाच्या बातम्या, सुरक्षा-सूचना व परिपत्रके वाचून त्यांतले आपल्या यंत्रणेला लागू पडणारे तेवढे वेगळे काढण्याची व्यावसायिक सवय. मोठ्या कंपन्यांत यासाठी स्वतंत्र विभाग असतो. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील सहकारी बँका, मासळी प्रक्रिया कारखाने, आंबा कॅनिंगचे उद्योग, लोटे-परशुराम, मिरजोळे किंवा कुडाळच्या औद्योगिक वसाहतींतले लहानमोठे कारखाने, मालवण-तारकर्लीची हॉटेले यांत हे काम बहुधा एकाच माणसाच्या गळ्यात पडते. कार्यालयात त्याला ‘सिस्टिमवाला’ म्हणतात. प्रिंटरमध्ये कागद अडकला, सीसीटीव्ही बंद पडला, टॅली उघडेना, सगळ्याला हाक त्यालाच. वाचायला उरतो तो फार तर तासभर, आणि या नोंदीचा विषय तो तासच आहे.

वार आणि तारखा. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्ट आपल्या सुरक्षा-दुरुस्त्या, म्हणजे पॅच, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे कोकणातल्या कार्यालयात ती बातमी बुधवारी सकाळी उघडते. कुडाळला तो आठवडा बाजाराचा दिवस. डेटाबेस बनवणाऱ्या ओरॅकल कंपनीच्या मोठ्या दुरुस्त्या जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा तिमाहीने येतात. बातमीचे पंचांग असे परदेशात ठरते. यंत्रांना हात कधी लावायचा हे मात्र इथले जीएसटी, बँकेच्या सुट्ट्या, पाऊस आणि गणपती ठरवतात. ही दोन पंचांगे जुळवणे हाच या कामातला अवघड भाग. नुसते वाचन कोणालाही जमते.

उदाहरणार्थ, दुसरा मंगळवार नेहमी ८ ते १४ तारखेच्या दरम्यान येतो आणि मासिक विवरण भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला संपते. हिशेबाच्या संगणकावर त्या आधी कोणी पॅच मारू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा व चौथा शनिवार सुट्टी असते, म्हणून पॅच मारायला तोच दिवस सोयीचा. मंगळवार ८, ९ किंवा १० तारखेला आला तर दुसरा शनिवार चार दिवसांवर असतो. ११ ते १४ ला आला तर दुसरा शनिवार आधीच होऊन गेलेला असतो आणि चौथ्यापर्यंत अकरा दिवस काढावे लागतात. त्या अकरा दिवसांत कोणती त्रुटी थांबू शकते आणि कोणती नाही, हे बुधवारच्या वाचनातून ठरवायचे असते.

२०२४ साली गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि पॅचचा मंगळवार नेमका गौरी आवाहनाच्या दिवशी, १० सप्टेंबरला आला. कोकणात त्या आठवड्यात सर्व्हर रीस्टार्ट करायला माणूस मिळणे कठीण, हे वेगळे सांगायला नको. सुट्टीत कार्यालये ओस असतात हे हल्लेखोरांनाही माहीत असते. त्यामुळे मुरलेले सिस्टिमवाले बॅकअप चतुर्थीच्या आधी घेतात, तो एकदा परत उघडूनही पाहतात आणि मगच गावच्या घरी आरतीला उभे राहतात. मासळी प्रक्रिया उद्योगात याउलट जून-जुलैची मासेमारी बंदी सोयीची ठरते. मोठे बदल तेव्हाच उरकतात. कॅनिंगवाल्यांना एप्रिल-मेमध्ये मान वर करायला फुरसत नसते.

यादी आधी, बातमी नंतर. आपल्याकडे काय-काय आहे याची यादी जवळ नसेल तर हे सगळे वाचन करमणूक ठरते. ही यादी बहुतेक ठिकाणी साधी एक्सेल शीट असते: कोणते यंत्र, कोणती आवृत्ती, वार्षिक देखभालीचा करार (एएमसी) कोणाकडे, पासवर्ड कोणापाशी. तिचे मोल दोन घटनांवरून कळते. २९ मार्च २०२४ रोजी, बँका मार्चअखेरीच्या कामात बुडालेल्या असताना, लिनक्स या संगणकप्रणालीवरील ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात कोणीतरी मुद्दाम चोरवाट घुसवल्याचे उघड झाले. ते पकडले आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, आणि तेही लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो या शंकेवरून. बातमी जगभर गाजली. पण बाधित आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१ एवढ्याच होत्या आणि त्या स्थिर लिनक्स प्रणालींपर्यंत बहुतांशी पोहोचल्याच नव्हत्या. यादी असलेल्याला दोन मिनिटांत ‘आपल्याकडे नाही’ म्हणून परत मार्चअखेरीकडे वळता आले. डिसेंबर २०२१ मधील ‘लॉगफोरशेल’ची गोष्ट उलटी. तीव्रतेच्या मापावर दहापैकी दहा गुण मिळालेली ती त्रुटी जावा या प्रोग्रामिंग भाषेतील लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या घटकात होती आणि तो घटक इतर सॉफ्टवेअरच्या पोटात दडलेला असे. यादीत त्याचे नाव कोणीच लिहिलेले नव्हते. प्रत्येक विक्रेत्याला फोन लावून ‘तुमच्यात हे आहे का’ असे विचारत बसावे लागले.

तीव्रतेचे गुण पाहून घाबरण्यापेक्षा ती त्रुटी प्रत्यक्ष हल्ल्यात वापरली जाते आहे का, हे पाहणे अधिक शहाणपणाचे. अमेरिकेची सिसा ही सरकारी सायबर सुरक्षा संस्था नोव्हेंबर २०२१ पासून अशा वापरात आलेल्या त्रुटींची यादी चालवते आणि ती सर्वांना खुली आहे. भारतात २००४ पासून काम करणारी सर्ट-इन ही सरकारी सायबर सुरक्षा संस्था सूचना काढते. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि यंत्रणेच्या नोंदी (लॉग) १८० दिवस जपाव्या लागतात. नागरी सहकारी बँकांना याशिवाय रिझर्व्ह बँकेची ३१ डिसेंबर २०१९ ची चार स्तरांची सायबर सुरक्षा चौकट आहे. परिपत्रके रुक्ष असतात, पण तंत्रवार्तांपेक्षा तीच आधी वाचावीत. एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यायला सांगितले होते; ज्याने ते उशिरा वाचले त्याची दिवाळी त्यातच गेली असणार.

किनाऱ्यावर धडकलेल्या बातम्या. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या संगणक-कीटकाने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक बंद पाडले आणि तिच्या समूहाकडे असलेल्या न्हावा शेवा बंदरातील टर्मिनलचे काम ठप्प झाले. कंटेनरच्या ट्रकांची रांग उरणच्या रस्त्यावर, आणि कारण कीव्हमध्ये. या कीटकाने वापरलेल्या एका त्रुटीची दुरुस्ती १४ मार्चलाच आली होती, साडेतीन महिने आधी. तरी ‘पॅच मारला असता तर वाचले असते’ हे अर्धेच खरे. तो चोरलेल्या पासवर्डांनीही पसरत होता, त्यामुळे एक जुने यंत्र राहिले तरी शेजारची पॅच मारलेली यंत्रे जात. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

पॅच तातडीने मारावा या शिकवणीला उतारा मिळाला तो १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचे सदोष अपडेट भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी सुटले आणि जगातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तेव्हापासून एका बिनमहत्त्वाच्या यंत्रावर आधी टाकून दोन दिवस पाहण्याची रीत लहान कार्यालयांतही रुजते आहे, आणि शुक्रवारी काही बदलायचे नाही हा जुना नियम आता साहेबही ऐकतात. त्याच महिन्याच्या अखेरीस एका तंत्रसेवा कंपनीवर झालेल्या रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या) हल्ल्यामुळे सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार तात्पुरते तोडावे लागले. या बँकांच्या सिस्टिमवाल्यांनी आपल्याकडचे सगळे पॅच मारलेले असते, तरी ते टळले नसते.

मंद बातम्या. गाजावाजा न होणाऱ्या तारखा बहुधा जास्त महाग पडतात. विंडोज १० चा मोफत आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज सर्व्हर २०१६ ची मुदत १२ जानेवारी २०२७ ला संपते. संकेतस्थळांच्या सुरक्षा-प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ पासून २००, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येते. वर्षातून एकदा हाताने प्रमाणपत्र बदलणाऱ्याला हे काम पुढे वर्षातून आठ वेळा करावे लागेल. या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खुणांशेजारी लिहिलेल्या बऱ्या. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या रोजच्या घोषणांना मात्र महिन्यातून एकदा वाचले तरी पुरे. आठवड्यात त्यांतल्या निम्म्या शिळ्या होतात.

पावसाळा. जून ते सप्टेंबर लाईट आणि रेंज या दोन्हींचा भरवसा नसतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागांत वीज कित्येक दिवस नव्हती. बातम्या वाचायला फोन चार्ज करायचा तोच जनरेटरवर. एरवीही पावसात काही गावांत रेंजसाठी सड्यावर (गावावरच्या कातळपठारावर) चढावे लागते. जुलै २०२१ ची गंमत अशी की महिन्याची सुरुवात ‘प्रिंटनाइटमेअर’ने झाली. विंडोजच्या छपाईसेवेतील या त्रुटीवर ६ जुलैला मायक्रोसॉफ्टने वार न पाहता तातडीची दुरुस्ती दिली आणि तिने काही प्रिंटर बंद पाडले. चिपळूणमध्ये कोणाची पावती छापली जात होती, कोणाची नाही, एवढ्यात २२ जुलैला वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले. तळमजल्यावरची दुकाने आणि कार्यालये बुडाली. त्या आठवड्यात प्रिंटरची चौकशी कोणी केली नाही. बॅकअपची डिस्क कोणत्या मजल्यावर ठेवली होती, एवढेच जो तो विचारत होता.