पंगतीतले आमिश चीज-बटाटे

शंभर-दोनशे माणसांच्या जेवणात चीज घालून भाजलेले बटाटे करायचे ठरले, की अमेरिकेत हमखास 'आमिश पद्धतीचे कॅसरोल' पुढे येते. आमिश हा तिथला, साधेपणाने जगणारा ख्रिस्ती पंथ. (आपल्याकडे कॅसरोल म्हणजे पोळ्यांचा डबा. तिथे ओव्हनमध्ये ठेवायचे पसरट भांडे आणि त्यात शिजलेला पदार्थ, दोन्हींना हाच शब्द.) त्याबरोबर एक आक्षेपही येतो: डब्यातले सूप, प्रोसेस्ड चीज, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा, यात आमिश ते काय? पदार्थ जुना नाही, हे खरेच. पण तो त्या स्वयंपाकात कसा मुरला हे पाहिले की आक्षेप टिकत नाही, आणि त्यासाठी गोठ्यापर्यंत जावे लागते.

जुना इतिहास इथे फारसा कामाचा नाही. १६९३ मध्ये स्वित्झर्लंड आणि अल्सासच्या पट्ट्यात हा पंथ फुटून वेगळा झाला, अठराव्या शतकात लोक पेनसिल्व्हेनियात आले, पुढे ओहायो आणि इंडियानात पसरले. या सगळ्या काळात हा पदार्थ कुठेच नाही. त्याचे सामान विसाव्या शतकातले आहे. प्रोसेस्ड चीजचे अमेरिकन पेटंट १९१६ चे. डब्यातले मशरूमचे दाट सूप १९३४ मध्ये बाजारात आले, चिकनचे १९४७ मध्ये. गोठवलेला बटाट्याचा कीस त्यानंतरचा. युटा राज्यातल्या मॉर्मन या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या घरांत हाच पदार्थ मयताच्या जेवणाला नेतात, म्हणून तिथे त्याला 'फ्युनरल पोटॅटोज' म्हणतात. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याची कपड्यावर लावायची पिनसुद्धा निघाली होती. तेव्हा मूळ मालकीचा दावा आमिशांनी करण्यात अर्थ नाही, आणि ते करतही नाहीत.

चीजची गोष्ट मात्र वेगळी आहे. खरा तिढा होता दुधाचा.

तारेवरून येणारी वीज आमिश समाजाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नाकारली होती. त्यामुळे धारा काढल्यावर दूध कॅनमध्ये भरायचे आणि कॅन थंड पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बुडवून ठेवायचे, ही रीत. दहा गॅलनचा, म्हणजे साधारण ३८ लिटरचा, भरलेला कॅन पन्नास किलोच्या घरात जातो. तो हौदातून उचलून गाडीवर चढवताना दोन्ही हातांना रग लागते. पिण्यासाठी विकायच्या 'अ' दर्जाच्या दुधाचे नियम पुढे कडक होत गेले आणि खरेदीदार बल्क कूलर मागू लागले. आपल्या दूध संकलन केंद्रांवर दिसतो तोच, थंडही करणारा आणि दूध ढवळतही राहणारा.

१९६० च्या दशकाच्या शेवटी पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत हा प्रश्न पेटला. कूलर बसवा, नाहीतर दूध बंद, असा खरेदीदारांचा निरोप होता. धर्मगुरूंपुढे अडचणी दोन: कूलरला वीज लागणार आणि टँकर रविवारीही येणार. बोलणी झाली. शीतकरण डिझेल इंजिनावर चालवायचे, ढवळण्याची मोटर बारा व्होल्टच्या बॅटरीवर, आणि रविवारी दूध उचलायचे नाही, यावर तडजोड झाली. बाहेरच्यांना हा काथ्याकूट वाटतो. बॅटरी चालते तर तार का नको? मला मात्र त्यांचा विचार सुसंगत वाटतो. बॅटरी एक काम करते आणि संपते. तार घरात आली की तिच्यामागून रेडिओ येतो, टीव्ही येतो, आणि मग काय घ्यायचे हे ठरवणे समाजाच्या हातात राहत नाही.

ओहायोच्या होम्स काउंटी परिसरात अनेक कुटुंबे कॅनलाच धरून राहिली. त्याची किंमत रोख होती. असे दूध 'ब' दर्जाचे ठरते. ते पिण्यासाठी विकता येत नाही, चीज, लोणी, पावडर यांनाच जाते आणि भाव कमी मिळतो. ही झळ शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे सोसली, आणि त्या भागाबद्दल लिहिताना तिचा उल्लेख क्वचितच होतो. पण त्याच दुधावर तिथले छोटे चीज कारखाने जगले. एकोणिसाव्या शतकात आलेल्या स्विस कुटुंबांनी चीज करण्याची कला आणलीच होती, कॅनच्या दुधाने तिला कच्चा माल पुरवला. चार्म नावाच्या खेड्यात १९६० च्या दशकात मऊ, लहान भोकांचे 'बेबी स्विस' घडले ते याच पट्ट्यात.

भांड्यात पडते ते स्विस नव्हे, हे कबूल. पडते चेडर किंवा प्रोसेस्ड चीज. पण चीज ही रोजची वस्तू झालेल्या घरात आणखी एक सवय रुजली होती. एक रविवार सोडून कुणाच्या तरी घरी किंवा कोठारात प्रार्थना होते, आणि नंतरच्या साध्या जेवणात पाव, पीनट बटर, लोणचे, बीट यांच्याबरोबर पावाला लावायचे पातळ चीज असते. प्रोसेस्ड चीज दुधात मंद आचेवर वितळवायचे, बस. दीड-दोनशे माणसांसाठी हे पातेले करणाऱ्या हातांना बटाट्यावरचा रस्सा नवा नव्हता. प्रोसेस्ड चीजमधले क्षार स्निग्धांश आणि पाणी फुटू देत नाहीत, म्हणून दोन तास गरम ठेवले तरी वर तूप तरंगत नाही. नुसत्या मुरलेल्या चेडरचा तेवढ्या वेळात चोथा होतो.

बटाट्याचेही तसेच. गोठवलेल्या किसाच्या पिशव्या साठवायला मोठा फ्रीझर हवा, तो वीज नसलेल्या घरात नाही. म्हणून आदल्या दिवशी बटाटे सालासकट उकडतात, रात्रभर गार होऊ देतात आणि सकाळी सोलून किसतात. गार झाल्यावर स्टार्च घट्ट बसतो, कीस सुटा पडतो, लगदा होत नाही. कच्चा किसला तर तो काळवंडतो, आणि सावर क्रीमच्या, म्हणजे आंबवलेल्या दाट सायीच्या, आंबटपणात लवकर शिजतही नाही.

नऊ बाय तेरा इंचांच्या एका भांड्याला साधारण ९०० ग्रॅम बटाटे, पाव किलोहून थोडे जास्त चीज, सुपाचा एक डबा, दोन कप सावर क्रीम, सव्वाशे ग्रॅमच्या आत लोणी, एक कांदा. वर लोण्यात घोळलेला कॉर्नफ्लेक्सचा चुरा, आणि १७५ अंश सेल्सियसला पाऊण ते एक तास. कडेचे चीज तपकिरी होऊन भांड्याला धरले की झाले. दहा-बारा जणांना पुरते, म्हणजे शंभर माणसांना नऊ भांडी. परदेशातली मराठी मंडळी पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, हे नेतात तेव्हा चिकनऐवजी मशरूमचे सूप घालतात, चवीत फार फरक पडत नाही.

नऊ भांडी एका घरच्या ओव्हनमध्ये बसत नाहीत, तिथे ओहायो-इंडियानातली 'वेडिंग वॅगन' येते. ही चाकांवरची भाड्याची मुदपाकखाना-गाडी: गॅसच्या शेगड्या, ओव्हन, सिंक आणि शेकडो माणसांची ताटे-वाट्या. लग्नाला तीन-चारशे माणसे सहज असतात, आणि रांधायचे काम नात्यागोत्यातल्या जोडप्यांना आधीच वाटून दिलेले असते. हीच गाडी मदत-जेवणांनाही लागते. बहुतेक आमिश आरोग्यविमा घेत नाहीत, आणि १९६५ च्या कायद्याने स्वयंरोजगार करणाऱ्यांना सामाजिक सुरक्षेच्या करातून सूट आहे. त्यामुळे रुग्णालयाचे मोठे बिल समाजालाच उभारावे लागते, आणि त्यासाठी गावजेवणे होतात.

अलीकडे कॅनचे दूध घेणारे कारखाने कमी झाले आहेत आणि अनेक आमिश घरांतले पुरुष शेती सोडून सुतारकाम, फर्निचर, बांधकामात गेले आहेत. आता पंगतीचे चीज घाऊक किराणा दुकानातून येते, पाच-पाच पौंडांच्या विटांमध्ये.