आमच्या जिताड्यात गाभोळी का नसते?
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

ऐरोलीच्या आमच्या दुकानात हा प्रश्न रोज येतो. जिताडा साफ होत असताना एखादी काकी वाकून बघते आणि विचारते, "गाभोळी नाही निघाली?" गाभोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. गर्दीत नीट सांगता येत नाही, म्हणून हे लिहून ठेवलं.

जिताडा आधी नर असतो. तीन-चार वर्षांचा झाला की तो वयात येतो, आणि साधारण सहा वर्षांच्या पुढे त्यातले बरेच मादी होतात. तळ्यातून आमच्याकडे येणारा जिताडा दीड-दोन वर्षांचा, किलो-दोन किलोचा. गाभोळीच्या वयाला तो पोचलेलाच नसतो. मोठ्या माद्या खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात अंडी सोडतात आणि पिल्लं भरतीबरोबर आत येतात. पेण-अलिबागकडे हीच पिल्लं धरून तळ्यांत वाढवायची जुनी पद्धत आहे. 1997 मध्ये चेन्नईच्या 'सीबा' या केंद्रीय संस्थेने जिताड्याचं प्रजनन हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या केंद्रात, करून दाखवलं, तेव्हापासून तिथलं बीजही, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लंही, मिळू लागलं. पण ही पिल्लं एकमेकांना गिळतात. बोटभर पिल्लू आणि त्याच्या निम्म्याचं पिल्लू एका हौदात राहिलं तर सकाळी मोठंच उरतं. म्हणून दर थोड्या दिवसांनी आकाराप्रमाणे ती निवडावी लागतात. जिताड्याच्या भावात ही मेहनत आहे.

रोहूचं वेगळं. पावसाळ्यात त्यात गाभोळी सापडते, कारण दोन वर्षांची मादी तळ्यातही अंड्यांनी भरते. फक्त साचलेल्या पाण्यात ती अंडी सोडत नाही, तिला पुराचं वाहतं पाणी लागतं. पूर्वी त्यामुळे बीज नदीतून गाळून आणत, त्यात भलतेसलते मासेही येत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्याच मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांना अंडी सोडायला लावलं. आज जिरे, बीज, बोटुकली अशा पिल्लांच्या वाढत्या टप्प्यांनी मोठा होऊन ताटात येणारा रोहू बहुतेक या सुईमुळेच येतो.

वनामी ही तळ्यात वाढवायची कोळंबी तीन-चार महिन्यांत काढतात, वयात येण्याआधीच. डोक्यातला केशरी भाग ही अंडी नव्हेत, ती यकृतासारखी ग्रंथी. पाठीतला काळा दोरा म्हणजे आतडं, तो काढूनच टाका. हॅचरीतली मादी एका वेळी लाख ते अडीच लाख अंडी थेट पाण्यात सोडते. सोळाएक तासांत ती फुटतात, आणि पहिले एक-दोन दिवस पिल्लू काही न खाता अंगातल्या बलकावर जगतं.



आता चिंबोरी. उलटी करून पाहा: पोटावरची घडी अरुंद असेल तर नर, रुंद आणि गोलसर असेल तर मादी. कवच टाकून अंग मऊ असतानाच मादी नराशी जुळते. आतली केशरी गाभोळी म्हणजे न घातलेली अंडी, तशी चिंबोरी आम्ही विकतो. पण घडीखाली बाहेर अंड्यांचा पुंजका दिसला, तर ती मादी लाखो अंडी घेऊन समुद्राकडे निघालेली असते. तळ्यांत वाढवायची चिंबोरीची पिल्लं आजही बरीचशी खाडीतूनच येतात, म्हणून अशी मादी आम्ही घेतही नाही, विकतही नाही. आमच्या टोपलीत चुकून कधी दिसली, तर तिथल्या तिथे आम्हाला दाखवा.