ट्रान्सफॉर्मर बिघडण्याआधी सुटणारा गॅस आणि तो पकडणारे नॅनो सेन्सर

मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर एका दिवसात बिघडत नाही. आत कुठेतरी जॉइंट ढिला होतो, वाइंडिंगवरचा (म्हणजे तारेच्या वेटोळ्यांवरचा) इन्सुलेशनचा कागद करपायला लागतो, बारीक डिस्चार्ज (इन्सुलेशनमध्ये विजेच्या छोट्या छोट्या उड्या) सुरू होतात, आणि बाहेरून बघाल तर तोच नेहमीचा हम्म आवाज, काहीच कळत नाही. पण आत थंडाव्यासाठी आणि इन्सुलेशनसाठी भरलेल्या तेलाला कळलेलं असतं. उष्णतेने तेलाचे रेणू तुटतात, त्यातून गॅस बनतात आणि ते तेलातच विरघळून राहतात.

यातली खरी मजा म्हणजे कुठला गॅस सुटलाय त्यावरून आत काय चाललंय ते बऱ्यापैकी सांगता येतं. नुसते बारीक डिस्चार्ज असतील तर मुख्यतः हायड्रोजन, तेल जास्त तापलं तर मिथेन आणि इथिलीन, कागद जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड. आणि असिटिलीन दिसलं की इंजिनिअरची झोप उडते, कारण ते भरपूर प्रमाणात बनायला साधारण 700 अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं, म्हणजे आत ठिणग्या किंवा आर्किंग (विजेचा सलग झोत) चालू असण्याची शक्यता मोठी. संशोधक मिशेल दुवाल यांनी 1970 च्या दशकात मिथेन, इथिलीन आणि असिटिलीनच्या टक्केवारीवरून दोष ओळखायचा त्रिकोण मांडला, तो आजही जगभर वापरतात.

आता अडचण बघा. हे सगळं कळतं ते तेलाचं सॅम्पल सिरिंजमध्ये हवाबंद घेऊन लॅबला पाठवलं, तिथे गॅस क्रोमॅटोग्राफवर (गॅस वेगवेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) चाललं, मग. दोन सॅम्पलमध्ये कित्येक महिने जातात आणि काही दोष तर दिवसांत वाढतात. ट्रान्सफॉर्मरवरच बसवायचे ऑनलाइन मॉनिटर मिळतात, पण सगळे गॅस मोजणारे मॉनिटर महाग, त्यामुळे ते मोठ्या आणि महत्त्वाच्या ट्रान्सफॉर्मरवरच दिसतात. म्हणून छोटा, स्वस्त, टाकीलाच चिकटवता येईल असा सेन्सर हवाय, आणि इथे नॅनोमटेरियल, म्हणजे काही नॅनोमीटरच्या (मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या) मापाचे पदार्थ, कामाला येतात.

टिन ऑक्साइडचं उदाहरण घेऊ. गरम केलेल्या टिन ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि टिन ऑक्साइडमधले इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो, त्यामुळे रेझिस्टन्स वाढतो. मग हायड्रोजन आला की तो त्या ऑक्सिजनशी रिअ‍ॅक्शन करून निघून जातो, इलेक्ट्रॉन परत मोकळे होतात, रेझिस्टन्स धाडकन पडतो, आणि तोच आपला सिग्नल. कण जाडजूड असेल तर हा फरक फक्त वरच्या पापुद्र्यात पडतो, आतला भाग तसाच. पण कण काही नॅनोमीटरचाच असेल तर जवळजवळ अख्खा कणच पृष्ठभाग झाला, त्यामुळे थोड्या गॅसनेही मोठा फरक दिसतो. वर पॅलेडियमचे बारीक कण शिंपडले की अजून चांगलं, कारण पॅलेडियम हायड्रोजन शोषून घेतो, स्वतःच्या शेकडो पट आकारमानाचा. ग्राफीन, कार्बन नॅनोट्यूब, मॉलिब्डेनम डायसल्फाइड अशा दुसऱ्या नॅनोमटेरियलवरही भरपूर काम चालू आहे, त्यातले काही तर हीटरशिवाय, नेहमीच्या तापमानाला चालतात.

पण मला विचाराल तर सेन्सिटिव्हिटी हा प्रश्न बराचसा सुटलाय, अवघड आहे ते ओळखणं. हायड्रोजनला रिस्पॉन्स देणारा सेन्सर कार्बन मोनॉक्साइडलाही देतो, ओलाव्यालाही देतो, आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये हे तिन्ही एकत्रच असतात. शिवाय तेल थेट सेन्सरवर आलं तर तो खराब होतो, म्हणून मध्ये गॅस जाऊ देणारी पण तेल अडवणारी मेम्ब्रेन लागते. आणि एक गोष्ट बऱ्याच रिसर्च पेपरमध्ये राहूनच जाते, ती म्हणजे टिन ऑक्साइडसारख्या सेन्सरला ऑक्सिजन लागतो आणि सीलबंद ट्रान्सफॉर्मरच्या तेलात तो फार कमी असतो, म्हणजे लॅबमध्ये कोरड्या हवेत मिळालेले आकडे तिथे जसेच्या तसे लागू होतील असं समजू नका. भरपूर पेपर तर फक्त कॉम्प्युटरवर गॅसचा रेणू सेन्सरला किती घट्ट चिकटतो ते काढून थांबतात, पण फार घट्ट चिकटला तर तो सुटतच नाही आणि सेन्सर पुढच्या वेळेला आंधळा. टिकाऊपणाचं तर विचारूच नका, ट्रान्सफॉर्मर 30-40 वर्षं चालतो आणि सेन्सरचं रीडिंग त्याच्या कितीतरी आधी सरकायला लागतं.

यावर सध्या मला सगळ्यात पटणारा मार्ग म्हणजे एकच परफेक्ट सेन्सर शोधत न बसता, वेगवेगळ्या मटेरियलचे चार-सहा सेन्सर एकाच चिपवर लावायचे आणि त्यांच्या एकत्र पॅटर्नवरून सॉफ्टवेअरने गॅस ओळखायचा. अगदी बिनचूक पीपीएम (दहा लाख भागांत गॅसचे किती भाग) नाही आले तरी चालेल, असिटिलीन कालच्यापेक्षा आज वाढतंय एवढं जरी खात्रीने कळलं तरी लगेच सॅम्पल काढून लॅबला पाठवता येतं, लोड कमी करता येतो, गरज पडली तर ट्रान्सफॉर्मर बंदही करता येतो.