सांगणाऱ्याचा पगार

सुवार्ता सांगणं आणि साक्ष देणं. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, हे शब्द बहुधा जोडीनेच येतात, पण दोन्हींची जात वेगळी आहे. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी, ती कुणीही सांगावी. साक्ष हा कचेरीतला शब्द. साक्षीदार उभा राहिला की उलटतपासणी आलीच. महाराष्ट्रात ही उलटतपासणी दोनशे वर्षं चालू आहे, आणि माझ्या मते तिच्यातला खरा अवघड प्रश्न त्रैक्याचा (एकाच देवात तिघं कसे) किंवा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा कधीच नव्हता. प्रश्न साधा होता : बाबा रे, तुझा पगार कोण देतो?

हा प्रश्न त्या दोनशे वर्षांच्याही आधी, गोव्यापासून सुरू होतो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, तिथल्या साष्टी भागात राहिला, इथली भाषा शिकला आणि १६१६ साली रायतूरला त्याचं क्रिस्तपुराण, म्हणजे बायबलची कथा सांगणारं मराठी काव्य, छापून झालं. सुमारे अकरा हजार ओव्या, पण छपाई रोमन लिपीत. मराठीचं त्याने केलेलं कौतुक आपण शाळेपासून ऐकत आलोय. त्याच साष्टीत, तो येण्याच्या काही वर्षं आधी, पोर्तुगीजांनी देवळं पाडली होती हे मात्र त्या कौतुकाच्या धड्यात नसतं. ओवी कितीही गोड असो, सांगणाऱ्याच्या पाठीशी कोण उभं आहे ते ऐकणारा बघतोच.

मुंबईत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये उतरले, तेव्हा उलटी गंमत होती. कंपनी सरकारलाच ते नको होते. धर्माच्या भानगडीने व्यापाराला धक्का लागेल ही भीती. त्यांना परत पाठवण्याच्या हालचाली झाल्या, आणि त्याच वर्षी कंपनीला मिळालेल्या नव्या सनदेने मिशनऱ्यांना दार किलकिलं झालं. पुढे छापखाना आला, शाळा आल्या, १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं पडलं, १८४२ मध्ये तिथून मिशनचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागलं. हे सगळं पाठ्यपुस्तकी आहे, म्हणून इथे लांबवत नाही.

पहिल्या पिढीचा भर होता वादावर. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मुंबईत १८३० च्या सुमारास जाहीर वाद मांडले, मोरभट दांडेकरांनी त्यांना उत्तर दिलं, दोन्हीकडून पुस्तकं निघाली. १८५७ च्या सुरुवातीला हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर वाद झाले. लोक ऐकायला जमत. अशा वादांनी बुद्धीला धार येते, मराठी गद्यालाही आली, पण वादात हरला म्हणून कुणी धर्म सोडल्याचं उदाहरण शोधावंच लागेल.

धर्म सोडणाऱ्याची लढाई वेगळीच होती आणि ती घरात होती. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी मुलांचा बाप्तिस्मा झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याला वडिलांनी कोर्टातून परत मिळवलं, आणि मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं की नाही यावर ब्रह्मवृंदात तट पडले. बाळशास्त्री जांभेकर घ्यावं या बाजूचे होते आणि त्यांना त्याचा त्रास झाला. धर्म बदलला म्हणून वारसा जाऊ नये असा कायदा १८५० मध्ये झाला. बाप्तिस्मा घेतल्यामुळे नवऱ्याने किंवा बायकोने सोडून दिलं तर लग्नाचं काय करायचं, याचा कायदा १८६६ मध्ये. कायदे करावे लागले यावरूनच ‘बाटला’ या एका शब्दाची किंमत किती होती ते कळतं. न्हावी येत नसे, विहीर बंद होत असे, आई जिवंतपणी मुलाचं सुतक धरत असे.

आता पगाराकडे येऊ. समुद्रकिनाऱ्याच्या त्या वादात मिशनऱ्यांच्या बाजूने जॉर्ज बोवेन हा अमेरिकन होता आणि वादाचा वृत्तांतही त्यानेच छापला. बोवेन १८४८ मध्ये मुंबईत आला. वर्षभराच्या आत त्याच्या लक्षात आलं की आपण जे सांगतो आणि ज्या बंगल्यात राहतो त्यांचा मेळ बसत नाही. त्याने मिशनचा पगार सोडला, वस्तीत साध्या खोलीत राहायला गेला आणि अगदी थोडक्यात भागवू लागला. १८८८ मध्ये मुंबईतच वारला. चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेला नाही. त्याच्या हातून फार बाप्तिस्मे झाले असंही नाही. हिशेबी माणूस याला अपयश म्हणेल. मला त्याच्या वादातल्या मुद्द्यांपेक्षा ती खोली जास्त बोलकी वाटते.

नगर जिल्ह्याच्या खेड्यांत गोष्ट आणखी निराळी. तिथे मंडळी उभी राहिली ती मुख्यतः महार आणि मांग वस्त्यांत. मिशनचा मास्तर सोमवार ते शनिवार मुलांना अक्षरं शिकवी आणि रविवारी तोच उपासना घेई. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात आणि नंतर लोक मोठ्या संख्येने आले, आणि ‘पोटासाठी आले’ हा शेरा तेव्हापासून चिकटला. पोट होतंच, ते कुणाला नसतं? पण पाटी-पेन्सिल आणि ‘तुलाही आत्मा आहे, देवासमोर उभा राहा’ असं कुणी तोंडावर म्हणणं, हेही होतं. विश्वासू राहणं म्हणजे काय, हे तिथे गावकीच्या कामांवर ठरे. मेलेलं ढोर ओढायचं का, रविवारी वेठीला जायचं का, जत्रेचा मान घ्यायचा का. नाही म्हटलं की बलुतं तुटे.

या सगळ्यानंतर कवी नारायण वामन टिळक येतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, १८६१ चा जन्म. नोकरीच्या शोधात राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. आधी नाखुशीने चाळला. त्यातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायाशी, डोंगरावरच्या प्रवचनाशी पोचले आणि पुस्तक खाली ठेवता येईना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जवळजवळ पाच वर्षं दूर राहिल्या. मग नवऱ्याकडे आल्या त्या सोवळं सांभाळतच, आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. कुणी त्यांच्याशी वाद घातला म्हणून नव्हे. शेजारपाजारची माणसं रोज बघून माणसांतले भेद देवाने केलेले नाहीत एवढं त्यांना पटलं, आणि शिवाशिव गळून पडली.

टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मग पलीकडच्यांना आणायचं तर पूल तोच हवा. इंग्रजी चालीवर ओढूनताणून बसवलेली गाणी त्यांना सहन होत नसत. नगरच्या मंडळीत कीर्तनाची सुरुवात त्यांच्या आधीच झाली होती. टिळकांनी त्यात कवी ओतला. नगरकडच्या एका खेड्यात मी असं कीर्तन ऐकलंय. देवळाबाहेर (खेड्यात चर्चला देऊळच म्हणतात) सतरंजी, पेटी, तबला, झांजा. बुवांनी पूर्वरंगात क्षमेवर निरूपण केलं आणि आख्यानाला बायबलमधली उधळ्या पुत्राची, बापाचा पैसा उडवून परत येणाऱ्या मुलाची, गोष्ट घेतली. डुकरांच्या शेंगा खाणाऱ्या पोराला त्यांनी सरळ साखर कारखान्याच्या ऊसतोड टोळीत नेऊन बसवलं, पाचट अंगाला चिकटलेलं. बाप धावत येतो तिथे झांजा वाढल्या. शेजारच्या आळीतल्या ख्रिस्ती नसलेल्या म्हाताऱ्याही पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. ‘आमचे’ आणि ‘तुमचे’ कोण, ते अंधारात दिसत नव्हतं.

तरी टिळकांनाही तोच काटा टोचत राहिला. कीर्तन देशी, पण कीर्तनकार मिशनच्या पगारपत्रकावर. १९१७ मध्ये त्यांनी ते सोडलं, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला : बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य जिथे एकत्र बसतील अशी जागा. मिशनऱ्यांतले काही बिचकले, काहींनी साथ दिली. पण वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ ला ते गेले. त्यांचं अर्धवट राहिलेलं ख्रिस्तचरित्राचं काव्य ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, ज्यांची शाळेशी कधी धड ओळखच झाली नव्हती.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाने कपडे बदलले. घटनेच्या २५ व्या कलमात धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीच्या सवलतींना मुकतो. त्यामुळे काही घरांत रविवार एका नावाचा आणि दाखला दुसऱ्या नावाचा असतो. त्यावर बाहेरच्याने बोट ठेवणं सोपं आहे.

परदेशातला पैसा आटला तसा खेड्यातल्या पाळकाचा, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूचा, पगार मंडळीच्या गळ्यात आला. सुगीच्या उपकारस्तुतीला, म्हणजे देवाचे आभार मानण्याच्या उपासनेला, लोक देवळात बाजरीची पायली, कोंबडी, भोपळा, पहिल्या वेताच्या शेळीचं दूध आणतात आणि उपासना संपली की अंगणात लिलाव होतो. मागच्या खेपेला एक लिंबू साडेतीनशेला गेलं. घेणाऱ्याने ते तिथेच परत ठेवलं, आणि ते पुन्हा बोलीला चढलं.