साधं प्रोबेशन आणि मेंटल हेल्थ प्रोबेशन, फरक नेमका कुठंय?

पोरगं डोक्यानं आजारी आहे म्हणजे प्रोबेशन, म्हणजे जेलऐवजी अटींवर बाहेर राहणं, आपोआप मिळणार, असं सोलापूर कोर्टाच्या आवारात लोक बिनधास्त सांगतात. तसं काही नसतंय. आजारामुळं आपण काय करतोय हेच त्या वेळी कळत नव्हतं, असं सिद्ध झालं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२ लागतं आणि माणूस निर्दोष ठरतो, तिथं प्रोबेशनचा विषयच नाही.

साधं प्रोबेशन म्हणजे १९५८ चा कायदा. जन्मठेप-फाशीचे गुन्हे सोडून, दोषी ठरलेल्याला लगेच शिक्षा न देता कोर्ट नीट वागण्याचा जास्तीत जास्त तीन वर्षांचा बाँड घेतं, वाटलं तर वर प्रोबेशन ऑफिसरची देखरेख, ती किमान एक वर्ष. अट मोडली की कोर्टाला रिपोर्ट.

मेंटल हेल्थ प्रोबेशन अमेरिकेतलं. वरवर तेच, ऑफिसर आणि अटी. पण त्या ऑफिसरकडं फक्त स्किझोफ्रेनिया, बायपोलर असे गंभीर मानसिक आजार असलेलीच माणसं, तीही पन्नासच्या आसपास, नेहमीच्या ऑफिसरकडं शंभरच्या वर.

खरा फरक अट मोडल्यावर कळतो. समजा आपल्या एमआयडीसीत पावरलूमवर रात्रपाळी करणारा एकजण आहे, गोळीनं झोप येते, मागावर उभ्या उभ्या डुलकी लागते, मुकादम शिव्या घालतो म्हणून त्यानं गोळ्याच बंद केल्या, मग कानात आवाज सुरू झाले आणि तारीख चुकली. साधा ऑफिसर लिहिणार, गैरहजर. स्पेशलवाला आधी विचारणार गोळ्या का सोडल्या, मग डॉक्टरला फोन, गोळी पाळी सुटल्यावर सकाळी घेतली तर चालेल का. जेलचं नाव अगदी शेवटी.

याला लाड म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकन संशोधक जेनिफर स्कीम आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ३५९ जणांची तुलना छापली, दोन वर्षांत पुन्हा अटक साध्यात ५१.८ टक्के, स्पेशलमध्ये २८.६. हिंसाचारात मात्र असा फरक दिसला नाही, तेवढं कबूल करायला पाहिजे.

आपल्या कायद्यात असा वेगळा ऑफिसर नाही. पण १९५८ च्या कायद्याच्या कलम ४ मध्ये राहणं, नशा यांच्यासोबत 'इतर बाबी'वरही अट घालता येते, त्यात उपचार बसवायला वकिलानं मागणी करावी लागते. आणि प्रोबेशन द्यायच्या आधी ऑफिसरचा रिपोर्ट आला असेल तर कोर्टाला तो बघावा लागतो, म्हणून ऑफिसर चौकशीला घरी येईल तेव्हा दवाखान्याचे केसपेपर लाजून कपाटात ठेवू नका, त्याच्या हातात द्या.