उभ्या ट्रकला ऊब येत नाही

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग करतो ते काम इथे दाबलेली हवा करते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप खालच्या टोकाला गरम लागतो, त्याचंच हे फार मोठं रूप. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग इथे त्यांच्या इंजिनाची चाचणी यशस्वी झाली. तत्त्व आजही तेच आहे. हवा एवढी दाबायची की आत फवारलेलं डिझेल आपणहून पेटलं पाहिजे. म्हणजे उष्णता हीच इथली ठिणगी, आणि कडाक्याची थंडी नेमकी तीच पळवते.

थोडं गणित करू. सिलिंडरमधली हवा तिच्या सतराव्या भागाएवढ्या जागेत दाबली, असं धरू. बाहेर ३० अंश सेल्सिअस असेल तर दाबलेल्या हवेचं तापमान कागदावर साधारण ६६० अंशांवर जातं. बाहेर उणे २० असेल तर साधारण ५१० वर. डिझेल आपोआप पेटायला सव्वादोनशे अंशांच्या आसपासचं तापमान पुरतं. मग अडतं कुठे?

अडतं ते कागद आणि लोखंड यांच्यामधल्या फरकात. या गणितात आपण उष्णता कुठेच जात नाही असं धरलं होतं. प्रत्यक्षात हवा दाबणारा पिस्टन वर चढत असताना हवा लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या अस्तराच्या, गार भिंतीला टेकते आणि निवते. काही हवा पिस्टन रिंगांच्या फटींतून खाली निसटते. यात वेळ फार महत्त्वाचा. इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांनी फिरत असेल तर हवा दाबण्याची एक खेप सेकंदाच्या विसाव्या भागात उरकते. सेल्फवर, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या विजेच्या मोटरवर, फिरणाऱ्या इंजिनाच्या फेऱ्या शंभरवर आल्या तर त्याच खेपेला सहापट वेळ लागतो, आणि तेवढा जास्त वेळ उष्णता भिंतीत मुरत राहते. त्यातून डिझेलच्या थेंबांची वाफ व्हायची, ती हवेत मिसळायची आणि मग पेटायची, हे सगळं क्षणार्धात घडायला हवं. त्यासाठी नुसतं पेटण्याच्या हद्दीपर्यंत पोचलेलं तापमान पुरत नाही.

आणि सेल्फ वेगाने फिरावा म्हटलं तर थंडी दोन्हीकडून कोंडी करते. उणे १८ अंशांना लेड-ॲसिड बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते. त्याच वेळी ऑइल इतकं घट्ट झालेलं असतं की इंजिन फिरवायला एरवीपेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो. ऑइलच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं, त्यातला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितकं ते ऑइल थंडीत लवकर वाहतं. कडक थंडीच्या मुलखात ५डब्ल्यू किंवा ०डब्ल्यू वापरतात ते याचसाठी.

अशा सकाळी ट्रक सुरू होताना सायलेन्सरकडे लक्ष द्या. आधी नुसती घरघर. मग एखादा सिलिंडर पकडतो, बाकीचे तसेच गार. इंजिन गचके खातं आणि मागून दाट पांढरा धूर येतो, डोळ्यांना झोंबणारा. तो धूर म्हणजे मुख्यतः न जळलेलं डिझेल, अगदी बारीक थेंबांच्या रूपात. सगळं डिझेल असं बाहेर पडलं तरी बरं. काही भाग लायनरवरून खाली ओघळतो, तिथला ऑइलचा पातळ थर धुऊन काढतो आणि ऑइलमध्येच मिसळतो. धूर हळूहळू विरळ होतो, आवाज एकसारखा होतो, तेव्हा सगळे सिलिंडर कामाला लागलेले असतात.

हे टाळायचे मार्ग सरळ आहेत. हीटर प्लग सिलिंडरमध्ये लालबुंद टोक तयार ठेवतो. मोठ्या इंजिनांमध्ये बहुधा आत येणारी हवाच तापवणारी जाळी असते. डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मगच सेल्फ मारायचा. एका वेळी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त मारायचा नाही, आणि मध्ये सेल्फला निवू द्यायचं. हीटर असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मात्र कधीही मारू नये. तापलेल्या जाळीवर ईथर पडलं तर ते हवेच्या वाटेतच भडकतं आणि भाग फुटून माणूस जखमी होऊ शकतो. माझ्या मते खरा उपाय एकच, ब्लॉक हीटर. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या अँड्र्यू फ्रीमन यांना १९४९ मध्ये अशा हीटरचं पेटंट मिळालं. विजेवर चालणारा हा हीटर निघण्याआधीचे काही तास कुलंट, म्हणजे इंजिनाभोवती फिरणारा थंडाव्याचा द्रव, कोमट ठेवतो. भिंती कोमट असल्या की वरची निम्मी भांडणं उरतच नाहीत.

एक दुखणं मात्र इंजिनाचं नाही, टाकीतलं आहे. डिझेलमध्ये मेणाच्या जातीचे घटक असतात. पुरेशी थंडी पडली की त्यांचे स्फटिक होतात आणि डिझेल ढगाळ दिसू लागतं. गाडी सुरू होते, काही मिनिटं चालते, मग दम तोडते. ड्रायव्हरला वाटतं पंप गेला किंवा नोझल गेलं. फिल्टर उघडला की त्याच्या कागदावर मेणाचा पांढुरका थर सापडतो. डिझेल न गोठू देणारं औषध स्फटिक होण्याआधी टाकावं लागतं, झालेले स्फटिक ते विरघळवत नाही. म्हणून थंडीच्या भागात शिरण्याआधीच हिवाळी डिझेल भरून घ्यावं. टाकीखाली जाळ करणं हा उपाय नव्हे, तो जिवाशी खेळ आहे.

आता सुरू झालेल्या इंजिनाकडे येऊ. तासभर उभ्याने चालू ठेवली की गाडी गरम होते, हा समज फार खोलवर रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनासारखी हवा अडवत नाही. न्यूट्रलवर डिझेल जातं थेंबभर, हवा मात्र सिलिंडर भरून. ती गार हवा थोडीशी तापून बाहेर पडते आणि मिळालेली ऊब सोबत घेऊन जाते. कडक थंडीत तापमानाचा काटा तासभर खालीच रेंगाळू शकतो. तेवढ्यात मोठा ट्रक साधारण ३ लिटर डिझेल पितो, अर्धवट जळण्यातून काजळी धरतो, आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा लागणाऱ्या सुमारे २०० अंशांपर्यंत पोचतच नाही. या यंत्रणेत फवारलं जाणारं युरियाचं द्रावण तर उणे ११ अंशांनाच गोठतं, त्याच्या टाकीला स्वतःचा हीटर लागतो.

मग किती थांबायचं? ऑइलचं प्रेशर येईपर्यंत रेस द्यायची नाही, कारण टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, बेअरिंगपर्यंत ऑइल पोचायला वेळ लागतो. ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात, त्यांच्या टाक्यांत हवा भरेपर्यंत तर गाडी हलवताच येत नाही. एवढ्यात जी काही मिनिटं जातात, ती बहुतेक वेळा पुरतात. फारच गारठा असेल तर इंजिन हजारेक फेऱ्यांवर ठेवावं, अगदी मंद चालीपेक्षा ते बरं.

पुढची ऊब कामातूनच येते. उभ्या गाडीत तापलं तर फक्त इंजिन तापतं. मागच्या डिफरन्शिअलचं (चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीचं) ऑइल, चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस आणि टायरचं रबर हे सगळं चाकं फिरल्याशिवाय गारच राहतं, गिअरबॉक्सही न्यूट्रलवर जेमतेम कोमट होतो. म्हणून सुरुवातीचे काही किलोमीटर गिअर जड पडतात, स्टिअरिंग आखडल्यासारखं वाटतं आणि रात्रभर एका जागी दबलेले टायर धडधडतात. या टप्प्यात वेग कमी ठेवावा, चढावर इंजिनाला दामटू नये. कुलंटचा काटा वर आला तरी ऑइल अजून मागेच असतं, त्यामुळे पूर्ण जोर लावायला आणखी थोडं अंतर जाऊ द्यावं.